अण्णा, मसूर आणि मूज जॉ : प्रेअरीतले चार दिवस

लातूरला आमचं भुसारचं दुकान होतं, अण्णांनी ते चाळीस वर्षं चालवलं. तूर, हरभरा, सोयाबीन हा सगळा आसपासच्या गावांतला माल, मसूर मात्र मुंबईहून यायचा. मी कॉलेजात असताना एकदा विचारलं होतं, अण्णा हा मसूर पिकतो कुठं, तर मुठीतले दाणे तसेच खाली सोडत म्हणाले, "कॅनडाचा माल आहे. लई लांबून येतो बघ." तेव्हा कॅनडा म्हणजे पोत्यावरचं एक नाव एवढंच. पुढं लग्न होऊन मीच कॅल्गरीला आले आणि गेल्या उन्हाळ्यात अण्णा पहिल्यांदा आमच्याकडं राहायला आले. बॅन्फ बघून झालं, नायगराला जाऊ म्हटलं तर नको म्हणाले. मग एके दिवशी सकाळी चहा पिताना हळूच म्हणाले, "ते मसूर पिकतंय ते गाव हितनं किती लांब आहे गं?"

एक गाव असं नाहीच, सगळं सस्कॅचवान राज्यच मसुराचं आहे, कॅनडातला जवळजवळ सगळा मसूर तिथलाच. पण माझ्या ऑफिसातल्या एकीचे काका मूज जॉ नावाच्या गावाजवळ शेती करतात, तिनं फोन केला, ते म्हणाले ऑगस्टच्या मध्यावर या, रास चालू असेल. नवऱ्याला सुट्टी नव्हती, म्हणून अण्णा, माझा दहा वर्षांचा लेक आणि मी असे तिघंच निघालो.

आधीच सांगते, कॅनडातले आपले लोक या गावाजवळून हायवेनं ११० च्या स्पीडनं निघून जातात, "तिकडं काय आहे, नुसतं सपाट" असं म्हणत. मीही दोनदा तशीच गेले होते.

दिवस पहिला : मिठाचं तळं आणि मोठा मूज

कॅल्गरीहून ट्रान्स-कॅनडा हायवे धरायचा आणि पूर्वेकडं सरळ, साधारण ६९० किमी. मेडिसिन हॅटला थांबून दशम्या आणि शेंगाची चटणी खाल्ली. स्विफ्ट करंटच्या पुढं गेल्यावर जमीन अशी काही पसरते की शाळेत भूगोलात प्रेअरी, स्टेप्स, पंपास असं जोडीनं पाठ केलेलं त्याचा अर्थ तेव्हा कळतो. अण्णा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "बांध कुठंच दिसंना गं." खरंच, बांध नाहीत, झाडं नाहीत, फक्त मैलामैलावर काटकोनात कापत जाणारे खडीचे रस्ते. १८७२ च्या कायद्यानं सरकारनं ही जमीन एक मैल बाय एक मैल अशा चौकोनांत आखली आणि त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे १६० एकर, दहा डॉलर फी घेऊन येईल त्याला कसायला दिला. ज्यांची ती होती त्या क्री, सोटो, असिनिबॉइन लोकांशी १८७४ मध्ये करार झाला, त्याला ट्रीटी ४ म्हणतात, आणि नंतर त्यांना राखीव जागांमध्ये ढकललं गेलं. ही गोष्ट रस्त्यावरून दिसत नाही म्हणून मुद्दाम सांगितली.

मूज जॉच्या आधी तासाभरावर चॅपलिन लागतं आणि तिथं लेक एकदम ओरडला, "आई, बर्फ!" चौतीस डिग्रीत बर्फ कुठला, ते सोडियम सल्फेटचे ढीग होते. हे खारं उथळ तळं आहे, त्यातून हे मीठ काढतात, डिटर्जंटमध्ये वापरतात. आणि गंमत म्हणजे याच खाऱ्या चिखलातले किडे खायला आर्क्टिककडून दक्षिण अमेरिकेकडं जाणारे पक्षी हजारोंनी उतरतात. आम्हाला छोटे छोटे पाणपक्षी काठानं तुरुतुरु पळताना दिसले. अर्धा तास थांबाच. दुर्बीण असेल तर न्या, पाणी सोबत ठेवा, सावली कुठंही नाही.

गावात शिरताना हायवेलाच मॅक उभा असतो. हा काँक्रीटचा भलामोठा मूज (सांबरासारखा शिंगांचा इथला मोठा प्राणी), १९८४ चा. २०१५ मध्ये नॉर्वेतल्या एका गावानं याच्यापेक्षा थोडासाच उंच चकचकीत स्टीलचा मूज बांधला, ते मूज जॉकरांच्या इतकं मनाला लागलं की २०१९ मध्ये त्यांनी मॅकला नवी मोठी शिंगं बसवून उंची १० मीटरच्या वर नेली आणि जगातल्या सगळ्यात उंच मूजचा मान परत मिळवला. लेकानं त्याच्या पायाशी फोटो काढून घेतले, तो मॅकच्या गुडघ्यालासुद्धा पोचत नव्हता.

मूज जॉ म्हणजे सरळ अर्थ मूजचा जबडा. नदीचं वळण जबड्यासारखं दिसतं म्हणून, असं एक सांगतात. दुसरं असं की क्री भाषेत या जागेला ऊबदार वाऱ्याची जागा अशा अर्थाचं नाव होतं आणि इंग्रजांना ते मूज जॉ असं ऐकू आलं. मला दुसरं पटतं, कारण गाव मूज जॉ नदी आणि थंडर क्रीक मिळतात त्या खोलगट जागेत आहे, वरच्या माळापेक्षा इथं वारा खरंच कमी लागतो. थंडीत लोक आडोसा शोधत इथंच मुक्काम करायचे. लिटल बिगहॉर्नला अमेरिकन सैन्याशी झालेल्या लढाईनंतर, १८७७ मध्ये, सिटिंग बुल हा सरदार आपल्या लाकोटा लोकांना घेऊन सीमा ओलांडून याच भागात, वुड माउंटनला आला होता. उपासमारीनं १८८१ मध्ये त्याला परत जावं लागलं पण त्याचे काही लोक मागं राहिले आणि कितीतरी वर्षं मूज जॉच्या नदीकाठी त्यांच्या राहुट्या असायच्या.

टीप : सस्कॅचवान घड्याळ पुढंमागं करत नाही. उन्हाळ्यात अल्बर्टाची आणि इथली वेळ एकच, हिवाळ्यात एक तासाचा फरक. बुकिंग करताना लक्षात ठेवा.

दिवस दुसरा : भुयारं, आणि भुयारात न दिसणारी गोष्ट

ठरलं होतं की आज शेतावर जायचं. सकाळी काकांचा फोन आला, हवामानखातं संध्याकाळी वादळ सांगतंय, त्याच्या आत जेवढं निघेल तेवढं काढायचंय, आज पाहुणे नकोत, परवा या. अण्णांना लगेच समजलं. "बरोबर आहे, रास टाकून कोण बोलत बसतंय," म्हणाले. मग गाव बघायला निघालो.

मेन स्ट्रीट रुंद आहे आणि तिच्या टोकाला रेल्वे स्टेशनची देखणी जुनी इमारत. रेल्वेच या गावाची आई. १८८२ मध्ये कॅनेडियन पॅसिफिकचे रूळ इथं पोचले, दोन नद्यांचं पाणी मिळालं म्हणून इंजिनं बदलायचं मोठं ठाणं इथं केलं, १९०३ ला शहराचा दर्जा मिळाला. आज वस्ती तेहतीस-चौतीस हजार, म्हणजे आपल्याकडं एक बरा तालुक्याचा गाव. पण इमारती बघून वाटतं की यांनी फार मोठं शहर होईल असं धरून बांधकाम केलं होतं. विटांच्या दोन-तीन मजली पेढ्या, बँका, १९१६ चं थिएटर. भिंतींवर म्युरल्स आहेत, चाळीसच्या वर, गावाचा इतिहास रंगवलेला. सकाळी नऊच्या आत पायी फिरून बघा, नंतर ऊन भिंतीवर चमकतं आणि फोटो येत नाहीत.

नाश्त्याला जिथं गेलो तिथली वाढणारी फिलिपिनो मुलगी होती, येऊन तीन वर्षं झालेली. अण्णा शाकाहारी म्हटल्यावर तिनं स्वतः आत जाऊन काय कशात तळतात ते विचारून आणलं. हॅश ब्राउन आणि टोस्ट मिळाला, आणि निघताना सस्काटून बेरीच्या पायचा, म्हणजे आत फळं भरून भाजलेल्या गोड पदार्थाचा, तुकडा. ही बेरी दिसते जांभळासारखी पण चव बदामाकडं झुकणारी, प्रेअरीतली जंगली बेरी, आधी इथले मूळ लोक वाळवून पेमिकनमध्ये, म्हणजे मांस-चरबीच्या टिकाऊ वड्यांत, घालायचे. शाकाहारी असाल तर पायच्या पापुद्र्यात डुकराची चरबी आहे का ते विचारा, जुन्या पद्धतीत असते. आमचा लोण्याचा होता, विचारलं म्हणून कळलं.

मग टनेल्स. गावातलं हे सगळ्यात मोठं टुरिस्ट आकर्षण, २००० पासून चालू आहे. मेन स्ट्रीटखाली तळघरं एकमेकांना जोडलेली, नट गाइड बनून तुम्हाला घेऊन जातात. एक टूर अल् कपोन या शिकागोच्या कुख्यात गुंडाची, की अमेरिकेत दारूबंदी असताना शिकागोहून थेट येणाऱ्या सू लाइन रेल्वेनं तो इथं येऊन लपायचा. लेकाला जाम आवडली, खोटी बंदूक, गुप्त दरवाजे. कपोन इथं आला होता याचा पुरावा नाही, पण रिव्हर स्ट्रीटवर दारू, जुगार आणि वेश्यावस्ती होती हे खरं.

दुसरी टूर चिनी मजुरांची, ते भुयारात लपून राहायचे, कपडे धुवायचे अशी. अंधार, उकाडा, कमी उंचीचं छत, अण्णा वाकून वाकून थकले. बाहेर आल्यावर मी क्रेसेंट पार्कातल्या लायब्ररीत गेले आणि तिथल्या बाईंना सरळ विचारलं, हे खरं आहे का. त्या म्हणाल्या, चिनी लोक भुयारात राहायचे याला कागदोपत्री आधार नाही, पण ज्याला आधार आहे ते वाचा. आणि त्यांनी एक फाइल काढून दिली.

१९१२ मध्ये सस्कॅचवाननं कायदा केला की चिनी माणसानं आपल्या हॉटेलात गोऱ्या बाईला कामावर ठेवायचं नाही. याच मूज जॉमध्ये क्वाँग विंग नावाच्या माणसाचं रेस्टॉरंट होतं. त्याच्याकडं दोन गोऱ्या वेट्रेस होत्या, त्याला दंड झाला. तो रीतसर कॅनडाचा नागरिक झालेला होता, म्हणून तो भांडत भांडत सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९१४ मध्ये हरला. कोर्टानं कायदा योग्य ठरवला. शिवाय चिनी माणसाला देशात यायलाच डोईपट्टी होती, १८८५ ला ५० डॉलर, मग १००, आणि १९०३ पासून ५०० डॉलर, म्हणजे दोन वर्षांची कमाई. १९२३ ला तर दारच बंद केलं, ते १९४७ ला उघडलं. सरकारनं माफी मागितली २००६ मध्ये. आणि १९२७ च्या जूनमध्ये कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांच्या संघटनेनं याच गावात हजारो लोक जमवून क्रॉस पेटवला होता.

मला वाटतं भुयारापेक्षा ही गोष्ट जास्त अंधारी आहे आणि ती सगळी भर रस्त्यावर, उजेडात घडलेली आहे. टनेल्सना जा, मुलांना मजा येते, पण नंतर लायब्ररीत अर्धा तास काढा. मी बाहेरून आलेली, माझा नवरा, माझा लेक, आम्ही आज ज्या सहजपणे हॉटेलात जाऊन बसतो त्यासाठी कुणीतरी हरत का होईना कोर्टात गेलं होतं, हे मला इथं येईपर्यंत माहीत नव्हतं.

संध्याकाळी सातला पश्चिमेकडून ढग आला. आपल्याकडं वळीव येतो तसाच, पण इथं तो येताना पन्नास मैलांवरून दिसतो. निळाकाळा डोंगर वर चढत चढत येतो, खालची कड हिरवट, आतून विजा चमकतायत पण आवाज अजून नाही, आणि अंगावर मात्र लख्ख पिवळं ऊन. गाड्यांच्या नंबरप्लेटवर इथं 'जिवंत आभाळांचा देश' अशा अर्थाचं ब्रीद असतं ते तेव्हा पटलं. मग एकदम गार वारा, मातीचा वास, आणि वीस मिनिटं नुसता मारा, मधेच वाटाण्याएवढ्या गारा. अण्णा हॉटेलच्या खिडकीत उभे राहून एकच बोलत होते, "गेलं असेल का गं त्यांचं?"

दिवस तिसरा : माळावरचं जहाज आणि गरम पाणी

काकांचा सकाळी मेसेज, गारा उत्तरेकडून गेल्या, आपल्याकडं फक्त पाऊस, एक दिवस ऊन-वारा लागला की उद्या दुपारी सुरू. अण्णांनी नाश्ता नीट केला.

गावापासून दक्षिणेला १३ किमीवर सुकानेन म्युझियम आहे. जुनी घरं, शाळा, दुकानं उचलून आणून वसवलेलं गाव, डीफेनबेकर हे कॅनडाचे एकेकाळचे पंतप्रधान ज्या घरात वाढले ते लाकडी घरसुद्धा इथं आणून ठेवलंय. पण बघायचं ते जहाज. टॉम सुकानेन हा फिनलंडचा शेतकरी, अमेरिकेत मिनेसोटात घर मोडलं, तिथून १९११ मध्ये पायी चालत सस्कॅचवानला आला. १९३० च्या दशकात इथं सलग दुष्काळ, धुळीची वादळं, पिकं नाहीत, आणि या माणसानं ठरवलं की जहाज बांधून नदीनं हडसन बे या उपसागरात आणि तिथून समुद्रानं फिनलंडला घरी जायचं. समुद्र हजारो किमी लांब, नदीच त्याच्या शेतापासून २७ किमी. लोक हसले. त्यानं लोखंडाचे पत्रे स्वतः ठोकले, वाफेचं इंजिन स्वतः बनवलं, आणि तुकडे ओढत ओढत नदीकडं न्यायला लागला. पोचला नाही. वेड्यांच्या इस्पितळात टाकलं, १९४३ मध्ये तिथंच गेला. पुढं लोकांनीच ते जहाज गोळा करून इथं उभं केलं आणि त्यालाही शेजारी आणून पुरलं.

तळाच्या पत्र्याला हात लावून बघितला. रिव्हेट एकही सरळ ओळीत नाही, प्रत्येकाभोवती हातोडीचे चंद्रकोरीसारखे वळ, कुठं दोन, कुठं पाच. चारी बाजूला गहू आणि मधे हे जहाज. अण्णा म्हणाले, "घराकडं जायचं म्हणजे माणूस काय पण करतंय." मी काही बोलले नाही. मला येऊन बारा वर्षं झाली.

धुळीची गोष्ट इथं सगळीकडं निघते. १८५७ ते ६० मध्ये पॅलिसर नावाच्या माणसानं हा भाग पाहून लिहिलं होतं की हा त्रिकोणी पट्टा शेतीला लायक नाही, फार कोरडा. तरी रेल्वे आली, लोक आले, माळ नांगरला गेला. १९३७ च्या जुलैत सस्कॅचवानात ४५ डिग्री नोंदलं गेलं, तो या राज्याचा अजूनचा उच्चांक. पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला ३५०-४०० मिमी, म्हणजे आपल्या माणदेशापेक्षाही कमी. आणि जानेवारीत रात्री उणे तीसच्या खाली. सत्तर-पंचाहत्तर डिग्रीचा फरक एकाच जमिनीत.

संध्याकाळी गरम पाण्याचा स्पा. १९१० च्या सुमारास इथं जमिनीत नैसर्गिक वायू शोधायला भोक पाडलं तर खनिजांचं कोमट पाणी लागलं. पुढं गावानं त्यावर पोहण्याचा तलाव केला, आणि आत्ताचा हॉटेलमधला स्पा १९९६ चा. पाणी किलोमीटरहून खोल जमिनीतून येतं, चवीला खारट, वज्रेश्वरीच्या कुंडासारखा गंधकाचा वास नाही. तलावाचा एक भाग छतावर उघड्यावर आहे. अण्णांचे गुडघे तिथं तासभर सुखावले. आत जाण्याआधी चांदीचे दागिने काढून ठेवा, आणि रविवारी संध्याकाळी जा, शनिवारी फार गर्दी.

पाण्यात ऐंशीच्या पुढच्या एक आजी भेटल्या, जन्म इथलाच. त्यांनी हिवाळा सांगितला. गाडीच्या पुढं लोंबणारी वायर असते ती रात्री प्लगला लावायची, नाहीतर सकाळी इंजिन गोठलेलं. ऊन पडलेलं असतं पण हवेत बर्फाचे कण तरंगतात आणि सूर्याच्या दोन्ही बाजूला दोन खोटे सूर्य दिसतात. याच तलावात उणे तीसला बसलं की गळ्यापर्यंत घाम आणि डोक्यावरचे केस काडीसारखे कडक. १९५४ च्या एप्रिलमधला दिवस त्यांना आठवत होता, शाळेत होत्या, प्रवासी विमान आणि हवाई दलाचं शिकाऊ विमान गावावरच एकमेकांवर आदळलं, ३७ माणसं गेली. हवाई दलाचा तळ अजून आहे, स्नोबर्ड्स हे कसरती करणारं पथक इथलंच, उन्हाळ्यात बहुतेक बाहेर दौऱ्यावर असतं. जाताना आजींनी लेकाला विचारलं, बनीहग आणलायस का? म्हणजे हुडी. हा शब्द फक्त सस्कॅचवानात चालतो म्हणे. ऑगस्ट असला तरी आणाच, दुपारी चौतीस डिग्री होतं आणि आता रात्री अकरा डिग्री.

दिवस चौथा : रास

दुपारी एकला शेतावर पोचलो. खडीच्या रस्त्यावर पुढच्या गाडीपासून लांब राहा, दगड उडून काच फुटते.

अण्णा गाडीतून उतरले आणि चपला काढल्या. काका बघत राहिले, मी सांगितलं, आमच्याकडं रास चालू असताना असंच येतात. ते हसले नाहीत, मान हलवली.

मसुराचं झाड घोट्याच्या थोडं वर, जेमतेम नडगीपर्यंत. वाळून तांबूस करडं झालेलं, चपट्या शेंगा, एका शेंगेत एक नाहीतर दोन दाणे. अण्णांनी एक झाड उपटून मुळं बघितली, गाठी शोधल्या. मग दहा-बारा शेंगा तळहातावर चुरल्या, फुंकर मारून फोलकट उडवलं, एक दाणा बोटांत धरला आणि दाढेखाली फोडला. कट्ट आवाज आला. "बारा-तेरा असंल ओलावा," म्हणाले. काकांनी ट्रकमधून मीटर आणलं, दाणे भरले. तेरा. काका अण्णांकडं बघत राहिले आणि मग दोघंही एकदम हसले. त्यानंतर माझं दुभाष्याचं काम निम्मं झालं.

इथं मसूर येऊन फार दिवस नाही झाले. सत्तरच्या दशकात गहू नको इतका झाला, भाव पडले, तेव्हा सस्काटूनच्या विद्यापीठात अल्फ्रेड स्लिंकार्ड यांनी इथल्या हवेत टिकणारे वाण काढले, १९७८ मध्ये लेअर्ड, मग एस्टन. आधी ओल साठवायला शेतकरी वर्षाआड जमीन पडीक ठेवायचे. मसूर कमी पाण्यात येतो, हवेतला नत्र जमिनीत बांधतो, त्यामुळं पडीकची जागा त्यानं घेतली. पेरणी झाली की जड रोलर फिरवून दगड मातीत दाबतात, कारण काढणीला हार्वेस्टरचं पातं अक्षरशः जमीन चाटत जातं, एक दगड आत गेला तर दिवस गेला. अण्णांना हार्वेस्टरच्या केबिनमध्ये काकांशेजारी बसवलं. एका फेरीला अर्धा तास, शेताचं दुसरं टोक दिसत नाही. खाली उतरले तेव्हा भुवयांवर धूळ, आणि पहिला प्रश्न, "एकरी उतारा काय?" सहा क्विंटल. "आणि एकर किती?" चार हजार, सगळी पिकं धरून. अण्णांनी मला परत विचारायला लावलं, मी चुकीचं भाषांतर केलं असं वाटून.

मग ट्रकच्या सावलीत ती गोष्ट निघाली. काका म्हणाले, २०१७ चा डिसेंबर विसरणार नाही. भारतानं मसुरावर ३० टक्के आयात कर लावला, त्याच्या महिनाभर आधी वाटाण्यावर ५० टक्के. कणग्यांसारख्या त्या मोठ्या पत्र्याच्या कोठ्या भरलेल्या आणि घेणारा कुणी नाही, ट्रॅक्टरचा हप्ता डोक्यावर. तुम्ही असं का केलं, असं त्यांनी अण्णांना विचारलं, रागानं नाही, खरंच विचारलं. मी सांगितलं तसं अण्णा थोडा वेळ थांबले. म्हणाले, "त्यांना सांग, त्या साली आमच्याकडं तूर बेसुमार पिकली होती. सरकारचा भाव ५०५० आणि बाजारात चार हजारालाबी कुणी पुसंना. खरेदी केंद्रावर लोक आठ-आठ दिवस बारदाना नाही म्हणून ट्रॅक्टर लावून झोपले. माझ्या ओट्यावर माणसं बसून रडली. आणि बंदरात बाहेरची डाळ उतरत होती." मी शब्द न शब्द सांगितला, बारदान्याला इंग्रजी सुचेना तर रिकामी पोती म्हटलं. काका बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले, मग म्हणाले, म्हणजे दोन्हीकडं कोठ्या भरलेल्या होत्या. अण्णा म्हणाले, "हां. हेच."

मी कितीतरी वर्षं आयात कर हा शब्द बातम्यांत वाचलाय. त्या दिवशी तो पहिल्यांदा दोन माणसांच्या मधे पडलेला बघितला.

संध्याकाळी काकू शेतातच जेवण घेऊन आल्या. गाडीची मागची फळी पाडून त्यावर सगळं मांडलं, बटाटा-चीजचे पेरोगी (उकडलेल्या करंजीसारखे), काकडी, मक्याची कणसं, लेकासाठी पफ्ड व्हीटच्या वड्या. पेरोगी युक्रेनहून आलेल्या शेतकऱ्यांनी इथं आणले, बिनदिक्कत खा, फक्त वर बेकन घालू नका म्हणून सांगा. मसुराचं काय करता असं अण्णांनी विचारलं तर काकू म्हणाल्या, कधीतरी सूप. विकतो टनानं, खातो वाटीभर.

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. आमच्या गाडीत आमटीचा येसर मसाला होताच, आईनं दिलेला, अण्णा त्याशिवाय प्रवास करत नाहीत. रात्री नऊला त्यांच्या स्वयंपाकघरात मी त्याच दुपारचा मसूर निवडला, तीन खडे निघाले, पाण्यात न भिजवता पातेल्यातच शिजवला, ताज्या मालाला वेळ लागला नाही. कांदा, लसूण, येसर, आणि वरून गरम तेलात तिखट. घरभर वास गेला तसे हार्वेस्टरवरचे दोन्ही पोरगे हात धुऊन न बोलावता आले. ब्रेडबरोबर आमटी खाल्ली सगळ्यांनी. काकांनी घाम पुसत दुसऱ्यांदा वाढून घेतली. काकूंनी येसराची कृती लिहून मागितली, मी बाजरी, गहू, हरभरा डाळ, धने असं सांगत गेले आणि बाजरीशी अडलो, त्या म्हणाल्या ती तर आम्ही पक्ष्यांना घालतो, आहे घरात. उरलेला येसर मी बरणीत तिथंच ठेवून आले.

निघताना काकांनी किलोभर मसूर पिशवीत घालून दिला. भारतात बी-बियाणं असं नेता येत नाही, कागदपत्रं लागतात, म्हणून तो आमच्या कॅल्गरीच्या घरातच राहणार होता. हॉटेलवर आल्यावर अण्णांनी टेबलावरचा वर्तमानपत्राचा कागद फाडला, मूठभर दाणे त्यावर घेतले, आणि दुकानात नमुन्याची बांधायचे तशी चौकोनी पुडी बांधली, दोरा नव्हता तर माझ्या केसाचं रबर लावलं. पेन मागितलं. वर लिहिलं : मसूर, मूज जॉ, ओलावा १३, माल चोख.